पन्हाळा : आपल्या उंबऱ्यावरचा गड

अंदलूसचे नाव निघाले की आपल्याकडच्या जाणत्या माणसांचा आवाज हळवा होतो. कुर्तुब्याची मशीद, गरनात्याचा अलहम्ब्रा, आठशे वर्षांचा काळ आणि मग सगळे हातातून जाणे. आमच्या घरीही अब्बू हा विषय काढायचे आणि चहा गार व्हायचा. मी स्पेन पाहिलेला नाही, बहुतेक पाहणारही नाही. पण शाळेत इतिहास आणि उर्दू दोन्ही शिकवत असल्यामुळे तिथल्या डोंगरी गावांबद्दल वाचत आले. त्यातले एक रोंडा. खोल दरीच्या काठावर वसलेले, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. तिथे जुने अरबी हमामखाने अजून उभे आहेत आणि कातळ फोडून थेट नदीपर्यंत उतरत गेलेला एक जिनाही आहे. वेढा पडला तरी गावाला पाणी मिळावे म्हणून तो खोदला. १४८५ साली गाव पडले, तेव्हा त्या पाण्याची वाटच शत्रूने आधी अडवली होती, असे सांगतात. उडण्याचा प्रयोग करणारा अब्बास इब्न फिर्नास याच परिसरातला.

हे वाचताना दर वेळी मला एकच ठिकाण आठवते आणि ते स्पेनमध्ये नाही. कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटीत बसले की तासाभरात तिथे पोहोचता येते. डोंगराच्या माथ्यावर गाव, गावाभोवती तट, तटात दरवाजे, आणि वेढ्यात पाणी कमी पडू नये म्हणून इमारतीच्या पोटात लपवलेली विहीर. आपण रोंड्यासाठी उसासे टाकतो आणि पन्हाळ्याला मुलांना झुणका-भाकर खायला नेऊन आणतो. झुणका-भाकरीबद्दल माझी काही तक्रार नाही, ठेचा आणि दही असेल तर मुळीच नाही. पण तीन दरवाज्यासमोर फोटो काढून परत फिरणाऱ्या आपल्या कुटुंबांतल्या किती जणांनी मान वर करून कमानीवरची अक्षरे पाहिली आहेत, हे विचारावेसे वाटते.

आधी थोडे शब्दांविषयी. स्पेनमध्ये अल्काला नावाची कितीतरी गावे आहेत. मूळ अरबी अल-कलआ, म्हणजे किल्ला. आपला किल्ला त्याच घरचा. तिथे गावाच्या वरच्या तटबंद भागाला अल्कासाबा म्हणतात, मूळ शब्द अल-कसबा. कोल्हापूरकरांना कसबा बावडा माहीत नाही असे होईल का? बुरूज अरबी, खंदक अरबी, हौद अरबी हौजवरून आलेला. दरवाजा, अंबार, शिबंदी फारसी. तोफ तुर्की. एखादा शिवभक्त मुलगा गडाचे वर्णन करतो तेव्हा निम्मे शब्द आपल्या नानीच्या उर्दूतले असतात आणि ते दोघांच्याही लक्षात नसते. वर्गात मी हा शब्दांचा तक्ता फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात.

पन्हाळा महाराष्ट्रातल्या अगदी लहान शहरांपैकी एक. वस्ती तीन-साडेतीन हजारांची, पण तालुक्याचे ठिकाण आणि नगरपरिषद. उंची सुमारे ३१०० फूट. माथ्यावर जांभा दगड, खाली काळा कातळ. जांभा स्पंजासारखा असतो, पावसाचे पाणी पिऊन घेतो आणि सावकाश सोडतो. म्हणूनच एवढ्या उंचीवर तळी आहेत, विहिरी आहेत, आणि म्हणूनच इथे नुसती चौकी न राहता नांदते गाव उभे राहू शकले. पण तेच पाणी जास्त झाले की उतार सुटतात. २०२१ च्या जुलैत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला तेव्हा गावाला हे पुन्हा एकदा कळले. दूध, गॅस, आजारी माणूस, सगळे त्या एका रस्त्यावर अवलंबून.

पावसाळ्यात गड ढगात असतो. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. श्रावण सरता सरता धुके फाटते आणि मग एका बाजूला जोतिबाचा डोंगर, खाली कासारीचे खोरे, पश्चिमेला मसाई पठार दिसू लागते. मसाईवर त्या दिवसांत रानफुलांचा गालिचा असतो. त्याच वाटेने पुढे विशाळगडाकडे जाता येते.

गडाचा सर्वांत जुना पक्का धागा शिलाहारांपर्यंत जातो. बाराव्या शतकाच्या अखेरीस दुसरा भोज राजा इथे दरबार भरवत होता. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांच्या सिंघणाने त्याचा पराभव केला. पुढे बहमनींचा अंमल आला. १४६९ चा पावसाळा बहमनींचा वजीर महमूद गावान याने इथे छावणी टाकून काढला. गिलानहून आलेला हा विद्वान माणूस. बिदरचा प्रसिद्ध मदरसा त्याचाच. इराणात वाढलेल्या माणसाला कोल्हापूरचा पाऊस कसा वाटला असेल, असा प्रश्न मी मुलांना निबंधासाठी देते.

१४८९ पासून विजापूरची आदिलशाही. आज आपण जो पन्हाळा पाहतो त्याच्या दगडी अंगावर सर्वांत जास्त खुणा या काळाच्या आहेत. तीन दरवाजा पाहा. पश्चिमेकडची ही वाट. बाहेरचा दरवाजा, मध्ये चौक, मग आतला दरवाजा. शत्रू पहिल्या दरवाजातून घुसला तरी चौकात कोंडला जाईल अशी रचना. शेजारच्या तटाच्या पायात शिसे ओतलेले आहे. आतल्या दरवाजावर कोरीव काम इतके बारीक आहे की सकाळ त्यात जाते. आणि इथे फारसी शिलालेख आहे. इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत मलिक दाऊद आकी याने हा दरवाजा बांधवला असे तो सांगतो.

त्याच दरवाज्याच्या ललाटपट्टीवर गणपतीची छोटी मूर्तीही कोरलेली आहे. ती नंतर, मराठ्यांच्या काळातली. ज्यांनी गणपती बसवला त्यांनी फारसी अक्षरे खरवडून काढली नाहीत. त्यांना ती काढता आली असती. छिन्नी त्यांच्याकडेही होती आणि गडही त्यांच्या ताब्यात होता. साडेतीनशे वर्षे दोन्ही एकाच दारावर आहेत. या एका गोष्टीवर मी कितीही वेळ बोलू शकते, पण दरवाजा स्वतःच ते जास्त चांगले सांगतो.

या पहिल्या इब्राहिमबद्दल आणखी एक गोष्ट. दारावर त्याचे नाव फारसीत आहे खरे, पण महसुलाचे हिशेब फारसी सोडून इथल्या लोकांच्या भाषेत ठेवायला याच सुलतानाने सुरुवात केली आणि कारभारात दख्खनी ब्राह्मणांना मोठा वाव दिला, असे फिरिश्ता हा इतिहासकार नोंदवतो. म्हणजे शोभेला फारसी आणि व्यवहाराला इथली बोली. आपल्या घरात लग्नाची पत्रिका उर्दूत आणि वाण्याची यादी मराठीत असते, तसेच काहीसे.

तीन दरवाज्याजवळच अंधारबाव. बाहेरून पाहिली तर दगडी कोठी वाटते. आत तीन मजले. तळाला विहीर, वर पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आणि खोल्या, आणि तटाबाहेर डोकावणाऱ्या खिडक्या. उघड्यावरच्या तळ्यात शत्रूने किंवा फितुराने विष कालवले तरी हे पाणी सुरक्षित राहावे. बॅटरी घेऊन जा, पायऱ्या ओल्या असतात. रोंड्याच्या कातळातला जिना आणि ही विहीर एकाच भीतीतून जन्मल्या. पाण्याची काळजी करणाऱ्या माणसांची अक्कल सगळीकडे सारखीच चालते.

अंबारखान्याच्या कोठ्यांना गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे आहेत. बांधणी विजापुरी, नावे नद्यांची. गंगा कोठी सर्वांत मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावेल अशी. छताला जाण्यासाठी बाहेरून जिने आहेत आणि प्रत्येक खणाच्या घुमटाला भोक. पोती वर न्यायची आणि भोकातून धान्य आत सोडायचे. आत उभे राहून वर पाहिले की उजेडाचे गोल ठिपके दिसतात. मुलांना हे सगळ्यांत आवडते, कारण टाळी वाजवली की आवाज घुमून परत येतो.

आता १६६०. अफजलखानाच्या मृत्यूनंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. त्याला उत्तर म्हणून विजापूरने सिद्दी जौहरला पाठवले आणि मार्चपासून गडाला वेढा पडला. चार महिने. पावसाळ्यातही तो उठला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन विजापूरच्या मदतीला आले आणि आपले निशाण लावून गडावर मारा केला. त्याची किंमत त्यांनी पुढच्या वर्षी राजापुरात मोजली. जुलैच्या त्या रात्री शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि मारला गेला. बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी घोडखिंड अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. ही कथा मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे आणि असायलाच हवी.

पण या कथेतले एक पान सहसा गळून जाते. वेढा फोडण्यासाठी बाहेरून जी चढाई झाली, ती नेताजी पालकर आणि सिद्दी हिलाल यांनी केली. हिलाल महाराजांच्या बाजूने लढत होता. त्याचा तरुण मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा घालणारा सिद्दी, वेढा फोडायला आलेलाही सिद्दी. ‘शिवभारत’ या महाराजांच्या काळातच रचलेल्या काव्यात हे नोंदलेले आहे. सहावीत शिकणारा मुलगा जेव्हा विचारतो, ‘मॅडम, अपने लोग किस तरफ थे?’, तेव्हा मी त्याला हे पान दाखवते. प्रश्नच कसा चुकीचा आहे ते मग त्याचे त्याला कळते. त्या काळात माणसे धन्याची चाकरी करत होती, निष्ठा मिठाला होती.

त्या वर्षी तहात गड पुन्हा विजापूरकडे गेला. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदने साठ गडी घेऊन रात्री तो परत मिळवला. शिवाजी महाराजांचे निधन झाले तेव्हा, एप्रिल १६८० मध्ये, संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. १७०१ साली औरंगजेबाची छावणी याच्या पायथ्याशी पडली आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला इथेच भेटला. पुढे ताराबाईंनी पन्हाळ्यावरून राज्य चालवले. १७१४ मध्ये राजसबाईंनी सत्ता घेतली तेव्हा त्यांना कैदही इथेच झाली. एका गडावर एका बाईने राज्यही केले आणि बंदिवासही भोगला. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला गेली. मोरोपंतांचा जन्मही याच गडावरचा, १७२९ चा. शाहू महाराजांनी नंतर इथे चहा-कॉफीची लागवड करून पाहिली.

१८४४ ची गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. गडांवर पिढ्यान्‌पिढ्या राखणदारी करणाऱ्या गडकऱ्यांचे हक्क नव्या कारभाराने काढायला सुरुवात केली आणि सामानगड, भुदरगडापाठोपाठ पन्हाळाही उठला. इंग्रजांनी डिसेंबरमध्ये तोफा लावून गड घेतला. पूर्वेकडचा चार दरवाजा त्यांनी पाडला. आज कोल्हापूरहून येणारी गाडी त्याच्या अवशेषांजवळून वर येते आणि प्रवाशांचे लक्ष पार्किंगकडे असते.

त्याच परिसरात पीर शहादुद्दीन यांचा दर्गा आहे. गावकरी साधोबा म्हणतात आणि शेजारच्या तळ्यालाही साधोबाचेच नाव. पिराला ‘बा’ लावून घरचा करून टाकणे ही आपल्या भागाची जुनी रीत. उरुसाला चादर घेऊन येणाऱ्यांत आणि नारळ घेऊन येणाऱ्यांत फरक करायचे गडावर कधी कोणाला सुचले नव्हते.

सुचले नव्हते, असे भूतकाळात लिहिताना हात थांबतो. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापूरमध्ये घरांची आणि मशिदीची जी मोडतोड झाली, ती आपण सर्वांनी पाहिली. अतिक्रमणाचा प्रश्न कायद्याने सोडवायचा असतो आणि गजापूरची घरे गडावर नव्हतीच. त्यानंतरच्या सहलीला आमच्या काही पालकांनी मुलींना पन्हाळ्याला पाठवायला नकार दिला. ‘मॅडम, राहू दे. कशाला गडावर?’ एक आई म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती. पण त्या वाक्याने मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे बातम्यांनीही केले नव्हते. रोंड्यातून माणसे हाकलली गेली, १६०९ नंतरच्या पाच वर्षांत तर साऱ्या स्पेनमधून. इथे आपल्याला कोणी हाकललेले नाही. गडावर आपली घरे आहेत, दुकाने आहेत, उरूस आहे. मग आपणच आपल्या मुलांना गडापासून दूर ठेवायचे का? त्या वर्षी मी प्रत्येक घरी गेले, चहा प्यायले, बोलले. शेवटी चार मुली सोडून सगळ्या आल्या.

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यात आहे. कोल्हापुरात पेढे वाटले गेले. गडावर मात्र आनंदात काळजी मिसळलेली होती. कारण यादीतल्या बाकीच्या बहुतेक गडांवर असे गाव नांदत नाही. पन्हाळ्यावर माणसे जन्मतात, लग्ने होतात, गिरण्या चालतात. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरसाठी परवानगी लागते. कायदा योग्य हेतूने केलेला आहे, पण तो मोकळ्या माळावरच्या स्मारकाला जसा बसतो तसा गावाला बसत नाही. माझी मावशी गडावर राहते. तिच्या स्वयंपाकघराचे छप्पर दोन पावसाळे गळत होते, तिने ताडपत्री टाकून काढले, कारण दुरुस्तीला कोणता कागद लागतो यावर दोन जण दोन उत्तरे देत होते. अशा शंभर मावश्या आहेत आणि त्यांत पाटील आहेत, भोसले आहेत, मुजावर आहेत. वारसा जपायचा तर आधी त्यात राहणाऱ्यांना एका खिडकीवर एक उत्तर मिळायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावात माणसे राहतात तेच जिवंत राहते. रोंड्याचे लोक पुलावरून रोज भाजी आणायला जातात, म्हणून तर पर्यटकांना ते गाव पाहावेसे वाटते.

आणखी एक काम आहे, ते सरकारचे नाही. तीन दरवाज्याचा आणि अंधारबावेचा लेख वाचू शकणारी माणसे कोल्हापुरात किती उरली आहेत? गाइड मंडळी इतिहास जीव ओतून सांगतात, पण त्या अक्षरांपाशी आले की ‘इथे फारसीत लिहिलंय’ म्हणून पुढे जातात. त्यांचा दोष नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला अक्षरे लागतात, शब्दही बरेच लागतात. व्याकरण थोडे शिकवले की वाक्य उलगडते. मागच्या खेपेस आठवीच्या दोन मुलांनी दुर्बिणीतून पाहत ‘आदिलशाह’ वाचले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या इचलकरंजीच्या एका कुटुंबाने त्यांना पुन्हा वाचायला लावले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. त्यातल्या आजोबांनी विचारले, ‘पोरांनो, खाली काय लिहिलंय?’ मुलांना खालचे येत नव्हते. पुढच्या वर्षी येईल.

सहलीच्या आधी मी मुलांना हजेरीपट घेऊन बसवते आणि आपापल्या आडनावाचा अर्थ घरी विचारून यायला सांगते. यादी अशी येते : नायकवडी, गडाची राखण करणारे. बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. शिलेदार, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारे. गोलंदाज, तोफ डागणारे. शिकलगार, तलवारींना धार आणि झळाळी देणारे. जमादार. महात, हत्तीवरचे. फरास, डेरे आणि बिछायत सांभाळणारे. मुजावर. अत्तार. बागवान. गेल्या वर्षी सातवी ‘ब’च्या हजेरीपटातून जवळजवळ अख्ख्या गडाची शिबंदी निघाली. शेवटच्या बाकावरच्या गोलंदाजाला आपल्या आडनावाचा तोफेशी संबंध आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. गडावर गेल्यावर तो बुरुजावरून हललाच नाही. शेवटी एसटी सुटायची वेळ झाली म्हणून त्याला हाका मारून खाली बोलवावे लागले.

जायचे तर सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात जा, रविवार टाळा. सकाळी लवकर पोहोचून आधी तीन दरवाजा आणि अंधारबाव बघा, मग अंबारखाना आणि सज्जा कोठी, उतरताना साधोबाला फातेहा. पिशवीत बॅटरी, पाण्याची बाटली, एक जुनी दुर्बीण आणि घरातले जे मूल उर्दू शिकते आहे ते सोबत असू द्या.